पोटखराब

(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, जाम येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मंचावर बोलायला उभं राहायची माझी ही दुसरी वेळ. पहिली आठवीत, लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीला. तेव्हा चौथ्या वाक्याला विसरले होते, पण "एवढे बोलून मी माझे भाषण संपवते" हे वाक्य मात्र बरोबर आठवलं होतं. मराठीच्या बाई समोर बसल्या आहेत, त्या हसताहेत, म्हणजे त्यांनाही आठवतंय. आज कागद आणलाय.

संयोजकांनी मला सांगितलं होतं, तू आयटीत आहेस तर एआयवर बोल. मी म्हटलं, एआयवर बोलणारे तुमच्या मोबाइलमध्ये रोज दहा भेटतात. मी साडेतीन एकर जमिनीवर बोलते. ती जमीन इथून फार लांब नाही, समुद्रपूरच्या बाजूला आहे. तुमच्यापैकी काही जणांनी तिथली बोरं चोरून खाल्ली आहेत, आणि ती नावं मी आज घेणार नाही.

आमचं एकूण वावर अकरा एकर. त्यातले साडेतीन एकर नाल्याच्या काठानं उंचसखल, मुरमाड. तिथे बोरी, पळस, हिवर, दोन-चार मोहाची झाडं, सिंदीचा एक पुंजका, आणि उरलेलं सगळं गवत आणि काटे. बाबांनी तिथे कधी वखर घातला नाही. बैल सोडायला जागा, इंधनाला काड्या, उन्हाळ्यात मोहफूल, एवढाच त्याचा उपयोग. २०१९ साली बाबा गेले. वारसांची नावं चढली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा सातबारा नीट वाचला. त्यात ते साडेतीन एकर, म्हणजे १ हेक्टर ४१ आर, एका वेगळ्या रकान्यात होते. रकान्याचं नाव पोटखराब.

ज्यांची शेती आहे त्यांना हा शब्द नवा नाही. गट नंबरच्या पोटात असलेली, पण लागवडीला न येणारी जमीन. वर्ग अ म्हणजे खडकाळ, नाल्याची, शेतीला अयोग्य. वर्ग ब म्हणजे रस्ते, पाणवठे, सार्वजनिक कामाची. पोटखराबाला आकारणी नसते. आता नियम असाही झाला आहे की अ वर्गातली जमीन तुम्ही सपाट करून वहितीखाली आणली, तर तशी नोंद करून घेता येते, मग पीककर्जाला, विम्याला ती जमीन मोजली जाते. यात चुकीचं काही नाही, गरीब शेतकऱ्याला एक एकर वाढला तर कुणाला नको आहे? पण त्याची दुसरी बाजू बघा. जो शेतकरी झुडपं काढतो त्याच्यासाठी कागदावर जागा आहे. जो राखतो त्याच्यासाठी एकच शब्द, आणि तो म्हणजे खराब.

मी पुण्यात राहते. मला हे सगळं सुचायला काय जातं, असं तुम्हाला वाटत असेल तर माझ्या भावालाही तसंच वाटलं. २०२२ च्या जानेवारीत दादाचा फोन आला. जेसीबीवाला बाजूच्या गावात आलाय, दोन दिवसांत सगळं साफ करून देतो. मी म्हटलं, राहू दे ना. तर तो म्हणाला, "तुले काय जाते व पुण्यात बसून? इथं मले लोकं हासतेत. म्हणतेत, यानं वावरात जंगल पाळलं."

तो रागानं बोलला, पण खरं बोलला. मला पगार आहे. त्याला कापसाच्या भावावर जगायचं आहे. ज्या जमिनीवर माझा अर्धा हक्क आहे तिच्यातून त्याचं उत्पन्न अडवायचं, आणि वर त्याला निसर्गाचं महत्त्व सांगायचं, हे मला शोभत नव्हतं. म्हणून मी विचारलं, ही जमीन वहितीत आली असती तर ठेक्यानं काय गेली असती? तो म्हणाला, दहा हजार एकरी. मी म्हटलं, पाडव्यापासून पाच वर्षं, दरवर्षी पस्तीस हजार मी देते, जेसीबी घालू नकोस. माझा हिस्सा वजा केला असता तर कमी झाले असते, पण भावाशी इतका हिशेब करायचा नसतो. आम्ही साध्या कागदावर लिहून दोघांनी सही केली. आईनं साक्षीदार म्हणून अंगठा नाही, सही केली, हे ती मुद्दाम सांगायला लावते.

इथवर मला वाटत होतं की मी मोठं काम केलं. आता चुका सांगते.

पहिल्या पावसाळ्यात मी दोनशे रोपं घेऊन आले. वृक्षारोपण! ऑफिसातले सहा जण बरोबर होते, सगळ्यांचे टी-शर्ट सारखे. रोपं लावायला जागा हवी म्हणून आम्ही गवत आणि काटेरी झुडपं उपटली. गुलमोहर होते, करंज होते, बदाम होते, नर्सरीत जे मिळालं ते. फोटो काढले. पुढच्या मे महिन्यापर्यंत दोनशेपैकी अकरा रोपं जिवंत होती. पण खरं नुकसान ते नव्हतं. आपले शास्त्राचे सर एकदा बघायला आले. त्यांनी रोपांकडे पाहिलंच नाही. आम्ही उपटलेल्या जागेवर उभे राहून म्हणाले, "इथं तितराची घरटी राहत होती. जमिनीवर गवतात घालतो तो अंडी. तू त्याचं घर काढून त्याच्यासाठी झाड लावलंस." सर समोर आहेत. सर, त्या दिवशी मला आठवीचा पेपर पुन्हा हातात आल्यासारखं वाटलं.

आपल्याकडे जंगल म्हणजे उंच झाडं, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं आहे की झुडूप आणि गवत म्हणजे रिकामी जागा वाटते. मी नंतर तिथे दोन कॅमेरे बांधले, जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे. रानमांजर आलं, सायाळ आली, मुंगसं, ससे, खोकड, घोरपड, रोही. आणि डुकरं, भरपूर. वाघ नाही आला. खरं सांगू, येऊ नये असंच मला वाटतं, माझी आई त्याच वाटेनं जाते. पण आपला भूगोल पाहा. बोर व्याघ्र प्रकल्पाचा गाभा जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचा, देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याचं नाव पहिलं घेतात. त्याच्या पूर्वेला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य, आग्नेयेला ताडोबा. मधे काय आहे? आपण आहोत. आपली वावरं, आपले नाले, जाम चौरस्ता आणि रात्रभर वाहणारा हैदराबाद रस्ता. जनावराला एका जंगलातून दुसऱ्यात जायचं तर ते नाल्यानाल्यानं, धुऱ्याधुऱ्यानं, कुणाच्या तरी सातबाऱ्यावरून जातं.

धुऱ्याची गोष्ट निघाली म्हणून एक सांगते. कृषी विभाग आपल्याला सांगतो की हरभऱ्यात, तुरीत घाटे अळीसाठी पक्षीथांबे लावा. म्हणजे काड्या रोवा, त्यावर कोतवाल येऊन बसेल आणि अळ्या खाईल. सल्ला चांगलाच आहे. पण आपण आधी धुऱ्यावरची बोर आणि बाभूळ तोडतो, मग पक्ष्याला बसायला बांबूची काडी रोवतो. वर्धेकरांनी मतदान करून नीलपंखाला शहराचा पक्षी निवडलं होतं, आठवत असेल. तो नीलपंख जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. मत त्याला दिलं, झाड मात्र तोडलं.

असो. मी डुकरांवर येते, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

आमच्या वावराला लागून एका काकांचं वावर आहे. बाबांचे मित्र. लहानपणी मी त्यांच्या बैलगाडीत शाळेत आलेली आहे. २०२३ च्या दिवाळीत मी घरी गेले तर ते ओसरीवर बसून होते. चहा घेतला नाही. म्हणाले, "पोरी, डुकरं दिवसभर तुमच्या बोरीत झोपतेत, अन् रातच्यानं माह्या वावरात जेवतेत. तू भावाले पैसे देतं म्हणे. मले कोन देते?"

मी गप्प बसले. माझ्या हिशेबात हा माणूसच नव्हता. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते सोडा, साधी गोष्ट आहे की राखण्याचा खर्च ज्याची जमीन आहे त्याच्याच कुंपणापाशी थांबत नाही. मी राखते ते झुडूप, मला मिळतात फोटो, आणि किंमत मोजतो शेजारी. त्या वर्षी त्यांचा दीड एकर हरभरा डुकरांनी उकरून टाकला होता.

उठता उठता ते हळूच म्हणाले, "एक तार टाकली का झालं."

तुम्ही सगळे इथले आहात, मला तार समजावून सांगायची गरज नाही. खांबावरून आकडा टाकायचा, उघडी तार वावराभोवती फिरवायची, रात्री करंट सोडायचा. डुक्कर मरतं. रोही मरतो. कुणाचा तरी गडी मरतो, कधी ज्यानं तार लावली त्याचाच मुलगा मरतो. २०१७ च्या एप्रिलमध्ये नागभीडकडे श्रीनिवास नावाचा वाघ असाच एका शेतातल्या तारेला चिकटून मेला. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध जयचा तो मुलगा. त्याच्या गळ्यात कॉलर होती म्हणून शोध लागला. ती तारही डुकरांसाठीच लावलेली होती. त्या शेतकऱ्याला वाघ मारायचा नव्हता, आणि काकांनाही कुणाला मारायचं नव्हतं. माझ्या साडेतीन एकरांनी त्यांना तिथवर आणलं होतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी दादा आणि मी काकांकडे गेलो. मी म्हटलं, काका, तार नको. कुंपणाचं मी बघते.

इथे दुसरी चूक. मी सोलरवरचं झटका मशीन आणलं आणि कुंपण घातलं आमच्या झुडपाभोवती! म्हणजे डुकरांना आत कोंडायचं, असा माझा हुशार विचार. झटका मशीन थांबून थांबून झटका देतं, जनावर बिचकतं पण मरत नाही, त्यामुळे ते चांगलं. पण नाला उघडा होता. डुकरं नाल्यानं गेली, फेरा मारून काकांच्या वावरात पोचली. वर आमच्या कुंपणामुळे रोही अडला आणि त्यानं दुसऱ्याच एकाची तूर तुडवली. इंजिनीअरिंगची डिग्री असलेल्या बाईला हे दादानं हातात काठी घेऊन मातीत रेघा मारून समजावलं. कुंपण पिकाला घालायचं असतं, रानाला नाही. मग तेच खांब उपटून काकांच्या दीड एकराला लावले. तारेखालचं गवत दर पंधरा दिवसांनी कापावं लागतं, नाहीतर झटका जमिनीत उतरतो. ते काम काकांचा नातू करतो, आणि त्याचे पैसे मी देते.

दुसरं काम मला खरंच येणारं होतं. फॉर्म भरणं. रानटी जनावरानं पीक खाल्लं तर भरपाई मिळते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण तीन दिवसांच्या आत कळवावं लागतं, मग वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करतात. काकांना अर्ज करायचा म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवायची, म्हणून ते करतच नव्हते. आता नुकसान झालं की नातू फोटो पाठवतो, मी पुण्यातून अर्ज भरते. दोन वर्षांत दोनदा रक्कम आली. नुकसानीएवढी नव्हती. पण काका म्हणाले, कोणी विचारलं तरी.

मी त्यांच्या या वाक्यावर बरेच दिवस विचार केला. मग दुसरीकडे लोक काय करतात ते बघायला लागले.

सगळ्यात आधी आपल्याच राज्यातली फसलेली गोष्ट. १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात माळढोक अभयारण्य झालं, नान्नजचं म्हणून आपण ओळखतो ते. क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. म्हणजे त्यात गावं आली, बाजारपेठा आल्या, लाखो लोकांची खासगी शेतं आली. विचारलं कुणी नव्हतं. जमिनीचे व्यवहार, बांधकाम, सगळ्यात अडथळे. लोकांना पक्षी दिसायच्या आधी पक्ष्याचा राग आला. शेवटी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०१२ च्या सुमारास क्षेत्र १,२०० चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं. आज नान्नजला माळढोक दिसला तर बातमी होते. आणि गंमत अशी, आपल्या चंद्रपूर रस्त्यानं पुढे गेलं की वरोरा-भद्रावतीकडे गेल्या दशकात माळढोक दिसत होते, ते साध्या शेतांत, कुणाच्या तरी सोयाबीन-कापसाच्या मधल्या पडितात.

दुसरी गोष्ट गोंदियाची. सारस पक्षी महाराष्ट्रात जवळजवळ फक्त गोंदिया-भंडाऱ्यात उरला आहे. माणसाच्या उंचीचा पक्षी, आणि तो घरटं करतो भर पावसाळ्यात उभ्या धानाच्या बांधीत. घरटं करताना आजूबाजूचं धान मोडून ढीग रचतो. शेतकऱ्याचा काही चौरस मीटर धान जातो, आणि महिनाभर त्या बांधीत नीट काम करता येत नाही. पूर्वी लोक घरटं उचलून फेकत. तिथली सेवा नावाची संस्था गेली वीसेक वर्षं त्या शेतकऱ्यांकडे जाते. घरटं कुठे आहे ते शेतकऱ्यानंच सांगायचं, त्यावर लक्षही त्यानंच ठेवायचं, आणि त्याचा मान त्याला चारचौघांत मिळायचा. दरवर्षी जूनमध्ये मोजणी होते, तीत गावातलेच लोक असतात. सारस आजही पन्नासच्या आत आहेत, विजेच्या तारा आणि शेतातली विषारी औषधं त्यांना मारतात, २०२१ मध्ये नागपूर खंडपीठानं स्वतःहून याचिका दाखल करून घेतली इतकी ती गंभीर गोष्ट आहे. तरी पक्षी उरला तो त्या शेतकऱ्यांमुळे. मी तिथे पावसाळ्यात एकदा जाऊन आले. चिखलात मांडीपर्यंत गेले, सारस लांबून दिसला, आणि बांधावरचा माणूस "आमची जोडी" म्हणत होता.

कोकणात तर बरंच जंगल खासगीच आहे. संगमेश्वरकडे लाकूड व्यापारी उभं रान विकत घेऊन तोडतात आणि ते भट्ट्यांत, बॉयलरमध्ये जातं. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था तिथल्या मालकांशी करार करते. ठरावीक वर्षं तोडायचं नाही, त्या बदल्यात मोबदला. मी दादाशी केला तसाच, फक्त त्यांनी तो आमच्या कितीतरी आधी आणि हजारो एकरांवर केला. भीमाशंकरकडे त्याच लोकांनी हिरडा-बेहड्याला चांगला भाव मिळवून दिला, कारण बेहड्याच्या जुन्या झाडाच्या ढोलीत धनेश घरटं करतो. फळाला भाव आला तर झाडाला कुऱ्हाड लागत नाही.

आणि एक बाहेरची. २०१४ मध्ये मी अकरा महिने मेलबर्नला प्रोजेक्टवर होते. एका सहकारी बाईंची गावाबाहेर जमीन होती, तिथे फाटकावर एक छोटी पाटी होती, 'लँड फॉर वाइल्डलाइफ'. व्हिक्टोरिया राज्यात १९८१ पासून ही योजना आहे. जमीनमालकानं नाव नोंदवायचं. एक जाणकार माणूस येतो, तुमच्याबरोबर जमिनीवरून चालतो, काय आहे, काय काढायला हवं, काय तसंच ठेवायला हवं ते सांगतो. पैसे फारसे नाहीत. सक्ती तर अजिबात नाही, मन बदललं तर बाहेर पडा. ज्याला कायमचं राखायचं आहे त्याच्यासाठी वेगळी सोय आहे, जमिनीच्या कागदावरच तशी अट लिहिली जाते आणि पुढच्या मालकालाही ती बांधते. तिथे अशा झुडपी रानाला 'बुश' म्हणतात. त्या बाई आपलं बुश दाखवताना असा चेहरा करत, जसा आपण नवीन घर दाखवताना करतो. मला तेव्हा आमचे साडेतीन एकर आठवलेही नाहीत, हेही कबूल करते.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. वन्यजीव कायद्यात २००२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून एखादी व्यक्तीसुद्धा आपणहून पुढे आली तर तिची खासगी जमीन 'समुदाय राखीव क्षेत्र' म्हणून जाहीर होऊ शकते. पण एकदा झाली की जमिनीचा वापर बदलायला समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी लागते. दादाला मी हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे आत जायचा रस्ता आहे, बाहेर यायचा नाही." त्याला मी काय सांगणार?

त्यात २०२५ चा मे महिना आला. २२ मेला सर्वोच्च न्यायालयाचा झुडपी जंगलाचा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन. "झुडपी म्हणजे आता जंगल, कोर्टानं सांगितलं. उद्या आपली जाईन. जेसीबीवाल्याले बोलावतो."

मी त्याच रात्रीच्या गाडीनं निघाले. नागपूरला उतरून थेट तलाठी कार्यालयात गेलो, आपल्या बॅचचा एक दोस्त महसुलात आहे, तो बरोबर आला. तो निकाल कशाबद्दल आहे ते त्यानं दादाला शांतपणे सांगितलं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत जुन्या मध्य प्रांतापासून महसुली कागदांवर ज्या सरकारी जमिनी 'झुडपी जंगल' म्हणून लिहिलेल्या आहेत, त्यांचा तो प्रश्न. आपला सातबारा भोगवटादार वर्ग एकचा, आपल्या पोटखराबावर झुडपं असली म्हणून ते 'झुडपी जंगल' होत नाही.

दादाला बरं वाटलं. पण मला अर्धवट सांगवेना. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात असंही आहे की शब्दकोशाच्या अर्थानं जे वन आहे ते वन, मालक कोणीही असो. आणि १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्यानं राज्यातली खासगी वनं एका दिवसात, ३० ऑगस्टला, सरकारजमा झाली होती. कोकणात त्याची भीती लोकांच्या मनातून अजून गेलेली नाही. मी हे सगळं सांगितलं. दादा थोडा वेळ पायानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे भेव खोटं नाही."

मी म्हटलं, पूर्ण खोटं नाही.

साडेतीन एकर बोरी-पळसाचं रान उद्या कुणी वन ठरवेल असं मला वाटत नाही. पण जो माणूस राखतो त्यालाच घाबरावं लागतं आणि ज्यानं साफ केलं तो निवांत झोपतो, हे मला पटत नाही, आणि या भीतीपायी दरवर्षी किती धुरे आणि किती पडीत साफ होतात ते तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघता. दादानं जेसीबी बोलावला नाही. का, ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

आमचा करार २०२७ च्या पाडव्याला संपतो. सव्वा वर्ष उरलं आहे. चौरस्त्याच्या आजूबाजूला प्लॉट कसे पडताहेत ते तुम्ही येताना पाहिलंत. एक जण दादाकडे दोनदा येऊन गेला आहे, पूर्ण अकरा एकरांचा भाव घेऊन. दादाच्या मुलीला पुढच्या वर्षी बाहेर शिकायला जायचं आहे. पस्तीस हजारांनी तिची फी होत नाही. मी त्याला थांब म्हणू शकते, पण कितीदा?

म्हणून आज बोलायला उभी राहिले. या हॉलमध्ये माझ्यासारखे बरेच आहेत, नोकरी नागपूर-पुण्याला आणि नाव सातबाऱ्यावर. ज्यांचं वावर भाऊ किंवा ठेकेदार कसतो, त्यांनी घरी जाऊन एकदा आपला पोटखराब किती आहे ते बघा. माझ्या अंदाजानं आपल्या एका बॅचचाच बराच निघेल. तो काढायचा की ठेवायचा हे तुमचं तुम्ही ठरवा, मी त्यावर काही सांगणार नाही. ज्यांना ठेवायचा आहे त्यांनी मला सांगा. त्यांच्या शेजाऱ्याचे भरपाईचे अर्ज मी भरते, महसुलातला दोस्त कागद बघून देतो म्हणाला आहे, आणि झटका मशीन चार जणांनी मिळून घेतलं तर स्वस्त पडतं. रायमुनिया आणि विलायती बाभूळ काढायला माणसं लागतात, ती पैसे देऊन मिळतात, पण काय काढायचं आणि काय नाही हे सरांना विचारल्याशिवाय कुणी हात लावू नका. मी लावला होता.

ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती कायद्यानं असते, तिच्या नोंदवहीत आपल्या रानात काय आहे ते लिहून देता येतं. आमची नोंद सरांनी लिहून दिली, पाच पानं, सुवाच्य अक्षरात. त्यानं कायद्यानं काही मिळत नाही. पण सातबाऱ्यावर जिथे एकच शब्द होता, तिथे दुसऱ्या एका सरकारी वहीत आता तितर, सायाळ, नीलपंख, मोहाची चार झाडं, असं नावानिशी आहे. दादानं त्याची झेरॉक्स काढून कपाटात ठेवली आहे.

चित्रकलेच्या सरांना एक विनंती आहे. आम्हाला फाटकावर लावायला एक पाटी हवी आहे. त्यावर काय लिहायचं यावर दादा आणि माझं भांडण चालू आहे. त्याला त्यावर आमच्या बाबांचं नाव हवं आहे, मला बोरीचं चित्र. काकांचं म्हणणं, डुकराचं काढा, सगळ्यात जास्त तेच दिसतात.

उद्या सकाळी साडेसहाला चौरस्त्यावरच्या चहाच्या टपरीपाशी भेटू. दोन गाड्या आहेत, पंधरा जण बसतील. सध्या बोरं पिकली आहेत, खाली पडलेलीही गोड आहेत. चपला घालून येऊ नका, काटे लागतात. आईनं सगळ्यांना पोहे करायचे म्हणून सांगितलं आहे, तेव्हा किती जण येणार ते मला आत्ताच सांगा.